पोवळ्यांच्या बेटावर जाण्याची सिद्धता



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे आता महागाईभत्ता निघणार, या धास्तीने मागच्या रांगा हळूच मोकळ्या होतात, असा आमचा जुना अनुभव आहे. त्या मंडळींना आम्ही अभय देतो. आज आम्ही बोलणार आहोत ते लक्षद्वीपच्या प्रवाळबेटांवर जाऊन, डोळ्यांवर मास्क आणि तोंडात नळी धरून पाण्याखालचे जग पाहण्याविषयी. याला स्नॉर्केलिंग म्हणतात. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण नगरवाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. त्याच कचेरीत, भिशीचे पैसे मोजताना, या सफरीची कल्पना निघाली.

पहिला प्रश्न आमच्याच सभेत आला : कामगाराला हे चोचले कशाला? त्याला आमचे उत्तर असे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. ती काय नुसते अंथरुणावर लोळण्यासाठी मागितली होती? सुट्टी मिळविणे हे अर्धे काम. ती माणसासारखी घालविणे हे उरलेले अर्धे. दर्या पाहण्याचा हक्क फक्त बंगलेवाल्यांचा, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे?

आता जायचे ते ठिकाण समजून घेऊ. लक्षद्वीप हा १ नोव्हेंबर १९५६ पासून केंद्रशासित प्रदेश आहे; हे नाव मात्र त्याला १९७३ मध्ये मिळाले. साऱ्या बेटांची जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर, वस्ती दहाच बेटांवर, आणि २०११ च्या जनगणनेत माणसे ६४,४७३. पण बेटांना लागून असलेले उथळ, निवांत पाणी, ज्याला भूगोलाच्या पुस्तकात खारकच्छ म्हणतात, ते सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे घर खोलीएवढे आणि अंगण गावाएवढे! आपण पाहायला जायचे ते हे अंगण.

कोची बंदरापासून ही बेटे २२० ते ४४० किलोमीटर दूर आहेत. बाहेरच्या माणसाला तेथे पाऊल ठेवण्यापूर्वी प्रवेशपत्र काढावे लागते. म्हणून आधी कागद, मग तिकीट, आणि सामान शेवटी, हा क्रम पाठ करावा. पावसाळ्यात तो समुद्र माणसाला दाद देत नाही. ऑक्टोबर ते एप्रिल हाच काळ धरावा. आणि परतीच्या दिवसाला लागून हजेरी ठेवू नये. समुद्र बिघडला तर जहाज थांबते, आणि समुद्राला कारणे दाखवा नोटीस देता येत नाही.

जहाज रात्रभर चालते. सकाळी बेट दिसते. पण पुष्कळ ठिकाणी जहाज पोवळ्यांच्या भिंतीबाहेर खोल पाण्यातच उभे राहते, आणि उतारूंना लहान होड्यांत उतरावे लागते. होडी हातभर वर येते, हातभर खाली जाते. ज्या क्षणी लाट तिला वर आणते त्याच क्षणी पाऊल टाकायचे, तेही खलाशी सांगेल तेव्हा. तेथे वय, हुद्दा, शिक्षण काही चालत नाही. खलाशी हाच अध्यक्ष. म्हणून सामान पाठीवर बांधावे आणि दोन्ही हात मोकळे ठेवावे.

आता आमच्या हातून घडलेली चूक सांगतो. सफरीआधी सराव म्हणून आम्ही सर्वांना मालवणला नेले. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात पोवळी आहेत, आणि तेथली होडीवाली पोरे या कामात तरबेज आहेत. निघण्यापूर्वी आम्ही सभा घेतली आणि विचारले, "पोहता कोणाला येते? हात वर करा." सगळे हात वर गेले. आम्ही मोजले, वहीत लिहिले आणि निश्चिंत झालो.

मालवणला आमचा एक जुना सोबती, फिटर, वय अठ्ठावन्न, पाण्यात उतरला. मास्कमध्ये पाणी शिरले. त्याने नळी थुंकून टाकली आणि शेजारच्याच्या मानेला मिठी घातली. दोघेही बुडू लागले. होडीवरच्या पोराने उडी टाकली म्हणून दोन संसार वाचले. रात्री खानावळीत तो आम्हाला म्हणाला, "भाऊ, लहानपणी विहिरीत दोरी बांधून डुंबलो तेवढंच. सगळ्यांनी हात वर केले. मी एकट्यानं कसा खाली ठेवू?"

बंधूंनो, तीस वर्षे आम्ही वर झालेले हात मोजीत आलो. त्या रात्री प्रथमच कळले, की वर झालेला प्रत्येक हात होकाराचा नसतो. काही हात लाजेचे असतात. जिवाचा प्रश्न सभेत विचारू नये. एकेकाला बाजूला घेऊन, चहा पाजून विचारावा. आम्ही तसे पुन्हा विचारले, तेव्हा सतरांपैकी सहा जणांना पोहता येत नव्हते!

मग सफर मोडायची, की त्या सहांना मागे ठेवायचे? दोन्ही सूचना आल्या. दोन्ही आम्ही नाकारल्या. चार महिने दर रविवारी तलावावर जाऊन सराव केला. आधी नुसते तरंगणे, मग नळीतून श्वास, मग मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन ते नाकातून हवा सोडून बाहेर काढणे. भरघोस मिशीखाली मास्क घट्ट बसत नाही, हेही कळले. तीन मिशांचा बळी पडला. काच धुरकटू नये म्हणून आतून थुंकी चोळून खळाळावी. पाठ उन्हाने भाजते, म्हणून लांब बाह्यांचा सदरा घालूनच उतरावे. पाण्यात जोडीजोडीने राहावे. जोडीदार दिसेनासा झाला की ताबडतोब डोके वर. ओहोटीच्या वेळी खारकच्छाचे पाणी भिंतीच्या खिंडारातून बाहेर ओढले जाते. त्या बाजूला फिरकू नये. तरंगणारे जाकीट सर्वांनी घालायचे, पट्टीच्या पोहणाऱ्यानेसुद्धा, म्हणजे सहांना लाज वाटत नाही.

पाण्याखाली काय दिसते? आपण पोवळे म्हणजे अंगठीतला खडा समजतो. वस्तुतः प्रवाळ हा इवला जीव आहे. त्याच्या अंगात त्याहून सूक्ष्म शेवाळ राहते. शेवाळ उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातले बहुतेक प्रवाळाला देते. प्रवाळ त्याला निवारा देतो. या भागीदारीच्या बळावर प्रवाळ आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतो, आणि अशा असंख्य घरांची मिळून भिंत होते. १८४२ साली डार्विनने पुस्तक लिहून मांडले, की समुद्रातला डोंगर हळूहळू खचत जातो, पण त्याच्या कडेची पोवळी वर वर बांधीत राहतात. डोंगर नाहीसा होतो आणि कंकण उरते. संघटनेचे याहून मोठे उदाहरण आम्ही तरी पाहिले नाही.

परंतु पाणी फार तापले म्हणजे प्रवाळ आपल्या अंगातले शेवाळ बाहेर टाकतो. आमच्या भाषेत टाळेबंदीच! फरक इतकाच, की येथे टाळे लावणाराच उपाशी मरतो. तो पांढराफटक पडतो. पाणी वेळेवर निवले तर शेवाळ परत येते, नाही तर मरण. लक्षद्वीपने हे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली पाहिले. एक उन्हाळा सोसून सावरावे, तोवर दुसरा येतो.

हे नुकसान केवळ शोभेचे नव्हे. तेथले कोळी गळाच्या काठीने कुपा पकडतात. त्यासाठी लागणारा जिवंत चारामासा उथळ पाण्यात आणि पोवळ्यांच्या आसऱ्याने मिळतो. म्हणून दमलो म्हणून पोवळ्यावर उभे राहणे म्हणजे दुसऱ्या कामगाराच्या यंत्रावर बूट घालून चढणे. आमच्या गटात ठराव झाला : दमल्यास उताणे तरंगावे, पाय टेकायचे ते वाळूवरच, काही तोडायचे नाही, उचलायचे नाही, आपला कचरा आपल्याबरोबर परत. पोवळे उचलणे कायद्यानेही गुन्हा आहे.

आमचा फिटर कंबरभर पाण्यात, जाकीट घालून, जोडीदाराचा हात धरून तरंगला. हिरवे कासव त्याच्यापासून दोन हातांवर समुद्रातले गवत खात होते. वर आल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "भाऊ, आता नातीला पोहायला घालतो."

सभेत आम्ही पुष्कळ ठराव ऐकले. पण एवढ्या लवकर अंमलात आलेला दुसरा आठवत नाही. परतल्यावर आठवड्याच्या आत नात तलावावर हजर होती. या सभागृहातूनही असे चार-दोन ठराव घरी गेले, तर आमचे बोलणे वाया गेले नाही असे आम्ही समजू.