लांब नांव, आखूड नांव

मराठी घरांत पुष्कळांना दोन नांवें असतात. एक पाळण्यांतलें, दुसरें हांकेचें. माणूस एकच हें घरच्या मंडळींना ठाऊक असतें, म्हणून घोटाळा होत नाहीं. विंडोज प्रणालीच्या संगणकांत फायलींचीहि स्थिति बरीचशी अशीच. भेद इतकाच, कीं तेथें दुसरें नांव यंत्र स्वतःच ठेवतें आणि मालकास पुष्कळदां त्याची वार्ताहि नसते.

१९८१ सालीं आलेल्या एमएस-डॉसमध्यें फायलीच्या नांवास आठ अक्षरें आणि टिंबानंतरच्या प्रत्ययास तीन, एवढीच जागा होती. ही मर्यादा त्याआधींच्या सीपी/एम प्रणालीकडून वारशानें आलेली. १९९५ सालीं विंडोज ९५ नें नांवाची लांबी २५५ अक्षरांपर्यंत वाढविली; परंतु जुन्या प्रोग्रॅमांना अकरा अक्षरांपलीकडचें कांहीं कळत नव्हतें, आणि त्यांना एकाएकीं निकामी करणेंहि शक्य नव्हतें. तेव्हां अशी युक्ति योजण्यांत आली, कीं लांब नांवाचे तेरा-तेरा अक्षरांचे तुकडे करून ते सूचींतील जादा नोंदींत ठेवावयाचे, त्या नोंदी जुन्या प्रोग्रॅमांनीं ओलांडून जाव्यात अशा खुणा त्यांवर करावयाच्या, आणि मूळ नोंदींत पहिलीं सहा अक्षरें, मग लाटेसारखें 'टिल्डा' हें चिन्ह व एक आंकडा असें आखूड नांव घालावयाचें. जुन्याला न मोडतां नवें बसविण्याचीं इतकीं चतुर उदाहरणें थोडींच.

चित्रांवर बोट ठेवून काम करणाऱ्यास हें आखूड नांव सहसा दिसत नाहीं. आज्ञा टंकून काम करणाऱ्याची गोष्ट निराळी. जेथें आखूड नांवें ठेवण्याची सोय चालू असते, तेथें ताऱ्याचें चिन्ह घातलेला नमुना दोन्ही नांवांशीं ताडून पाहिला जातो. समजा, एखाद्या ग्रंथपालाच्या संग्रहांत जुन्या पानांचा प्रत्यय 'एचटीएम' आणि नव्यांचा 'एचटीएमएल' आहे. जुनीं पानें काढावीं म्हणून तो 'डेल *.एचटीएम' अशी आज्ञा देतो. नव्या पानांच्या आखूड नांवांत प्रत्ययाचें चौथें अक्षर मावलेलें नसतें, त्यामुळें तींहि नमुन्यांत बसतात आणि जुन्यांबरोबर पुसलीं जातात. ही आज्ञा फाईल रिसायकल बिनमध्येंहि टाकीत नाहीं. नांवांत १ हा आंकडा असलेल्या फायली पुसूं पाहणाऱ्याची तर याहून फजिती. कारण बहुतेक आखूड नांवांत तो असतोच.

आखूड नांव कायमचें असतें असेंहि नाहीं. 'अहवाल जानेवारी' आणि 'अहवाल फेब्रुवारी' हीं नांवें रोमन लिपींत लिहिल्यास दोहोंचीं पहिलीं सहा अक्षरें तींच होतात. म्हणून जी फाईल आधीं आली तिला १ आणि मागाहून आलीस २. त्यांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उलट्या क्रमानें झाली, कीं आंकड्यांची अदलाबदल होते. मग आज्ञांच्या जुन्या फायलींत लिहून ठेवलेलें आखूड नांव मुकाट्यानें भलत्याच महिन्याचा अहवाल उघडतें. चूक झाल्याची सूचनाहि येत नाहीं.

यासाठीं पुसण्यापूर्वीं तोच नमुना 'डिर /एक्स' या आज्ञेस द्यावा. ती दोन्ही नांवें शेजारीं शेजारीं दाखविते. लांब नांव अवतरणचिन्हांत लिहावें, नाहींतर शब्दांमधल्या मोकळ्या जागेपाशीं आज्ञा तें तोडते. 'एफएसयुटिल'च्या साहाय्यानें नवीं आखूड नांवें ठेवणें बंद करतां येतें. असलेलीं काढूनहि टाकतां येतात. मात्र एखाद्या प्रोग्रॅमनें आपला पत्ता त्याच नांवानें नोंदविला असेल, तर तो प्रोग्रॅम त्यानंतर चालेनासा होतो.