कर्करोगाची गोळी घरात येते तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या आनंदात कर्करोगाच्या औषधांवर बोलावयास मला उभे केले, हे चिटणीसबाईंचे धाडसच म्हणावयाचे. मी डॉक्टर नव्हे. अंबरनाथ स्टेशनच्या पूर्वेस माझे औषधांचे लहानसे दुकान आहे. बदलापूरच्या आणि उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या बायकाही तेथे येतात. काउंटरमागे उभी राहून जे पाहिले, आणि जेथे मी स्वतः चुकले, तेवढेच सांगते.

पूर्वी कर्करोगाचे औषध म्हटले की हॉस्पिटलातली खाट आणि सलाईनची बाटली डोळ्यांपुढे येई. आता यांतली पुष्कळ औषधे गोळ्यांच्या रूपात मिळतात. सकाळच्या लोकलने परळला टाटा हॉस्पिटलात जावे, तपासून घ्यावे आणि संध्याकाळी औषधांची पिशवी घेऊन बदलापूरला उतरावे. रोग्याला घरचे अन्न मिळते, घरची माणसे भोवती असतात. सोय मोठीच झाली. पण हॉस्पिटलात हेच औषध हाताळणारी परिचारिका हातमोजे घालते, अंगावर झगा चढवते. घरी ते काम आपल्याकडे येते, आणि आपण पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हाताने गोळी काढून देतो.

यात बिघडले कोठे? या औषधांपैकी बरीचशी भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. त्यांना आपपर कळत नाही. केसांची मुळे, तोंडाच्या आतली त्वचा, रक्त तयार करणाऱ्या पेशी, आणि पोटातला गर्भ, हे सगळे त्यांच्या तडाख्यात येते. रोग्याला तारणारी गोळी निरोग्याला अपाय करू शकते ती यामुळे.

आता माझी चूक. मेथोट्रेक्सेट नावाचे औषध आहे. ते कर्करोगावर चालते आणि थोड्या मात्रेत संधिवातावरही देतात. पण संधिवातासाठी ते आठवड्यातून एकच दिवस घ्यावयाचे असते. एक आजी चिठ्ठी घेऊन आल्या. दुकानात गर्दी होती. मी पाकिटावर नुसते ‘1 गोळी’ लिहिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. आठ दिवसांनी त्यांची सून आली. “ताई, सासूबाईंचे तोंड आले आहे, पाणीसुद्धा गिळवत नाही, काही मलम द्या.” मलमासाठी मागे वळलेला माझा हात थांबला. “आजी ती पिवळी गोळी कधी घेतात हो?” “रोज, न चुकता!” मी त्यांना रिक्षात बसवून हॉस्पिटलात पाठविले. वेळेवर उपाय झाला म्हणून त्या वाचल्या. त्यांना हातात मलम देऊन घरी धाडले असते तर काय झाले असते, याचा विचार मी आजही रात्री करते.

तेव्हापासून मी वार लिहिते, ‘फक्त सोमवारी’, आणि घेणाऱ्याकडून तो वार मोठ्याने वदवून घेते. उल्हासनगरच्या वृद्ध सिंधी आजींना देवनागरी वाचता येतेच असे नाही, म्हणून बरोबर आलेल्या नातवाला त्यांच्या समजुतीचे लिहावयास लावते. मागची रांग कुरकुरते. कुरकुरू दे.

दुसरी गोष्ट एका तरुण आईची. तिच्या पाच वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग होता आणि मर्कॅप्टोप्युरिनची अर्धीपाऊण गोळी द्यावयाची होती. ती बिचारी वेलदोडे कुटावयाच्या खलबत्त्यातच गोळी कुटीत असे, आणि तिला स्वतःला चौथा महिना होता. त्या बारीक भुकटीचा कण नाकातोंडात जातो, बत्त्याला चिकटून दुसऱ्या दिवशीच्या खिरीत उतरतो, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. शिवाय अशी मोडलेली गोळी कधी कमी तर कधी अधिक भरते. ही अडचण ओळखून टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांनी बंगळूरच्या एका कंपनीच्या साहाय्याने याच औषधाचे पातळ रूप तयार केले, आणि 2025 साली ते निघाले. पिचकारीने मोजून मुलाला पाजता येते. लहान मुलासाठी गोळी मोडावयाची पाळी आली, तर आधी डॉक्टरांना विचारावे की पातळ औषध मिळेल का.

हे मर्कॅप्टोप्युरिन शोधण्यात एका बाईचा हात होता, हे या सभेत सांगितलेच पाहिजे. गर्ट्रूड एलियन, न्यूयॉर्कची. आजोबा कर्करोगाने गेले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. रसायनशास्त्राची पदवी घेतली, पण बाई म्हणून तिला प्रयोगशाळेत कोणी घेईना. पुढे संधी मिळाली, आणि हे औषध 1953 साली अमेरिकेत मान्य झाले. 1988 साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. ते मर्कॅप्टोप्युरिन शरीरात लवकर मोडू नये म्हणून त्याच प्रयोगशाळेत ॲलोप्युरिनॉलची परीक्षा झाली, आणि आज युरिक ॲसिड वाढले की डॉक्टर तेच लिहून देतात. दोन्ही एकत्र पोटात गेली तर मर्कॅप्टोप्युरिनचा जोर कितीतरी वाढतो. ते पूर्वीच्या तृतीयांश-चतुर्थांशावर आणावे लागते. परळच्या डॉक्टरांना इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी दिसत नाही, इथल्यांना परळची दिसत नाही. दोन्ही चिठ्ठ्या एकत्र पाहण्याची संधी असते ती औषध देणाऱ्याला. म्हणून घरातली सगळी औषधे, काढे-चूर्णेसुद्धा, एका पिशवीत घालून दुकानात आणा आणि फार्मासिस्ट कोण ते विचारून त्यांच्यापुढे ठेवा. समजावून सांगणे हे त्यांचे काम आहे. 2015 च्या नियमांत ते लिहिलेले आहे. आम्ही उपकार करीत नाही.

घरात काय करावे? गोळी पट्टीतून वाटीत पाडावी, बोटांत धरू नये. धरावीच लागली तर हातमोजे घालावेत आणि मागाहून साबणाने हात धुवावेत. गरोदर सुनेने, तान्हे बाळ अंगावर असलेल्या लेकीने हे काम करूच नये. गोळी कुटू नये, कॅप्सूल उघडू नये, इतर गोळ्यांच्या डब्यात मिसळू नये. पट्टी अर्धी कापून मागू नका. कापताना नाव आणि मुदतीची तारीख निघून जाते. कॅपेसिटाबीन बहुधा चौदा दिवस घेऊन सात दिवस थांबवावयाचे असते, आणि जेवणानंतर अर्ध्या तासात. थांबावयाचे दिवस कालनिर्णयावर लाल पेन्सिलीने खुणावून ठेवा. गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन देऊ नका. उलटीत पडली तर लगेच दुसरी न देता फोन करा.

रोग्याची उलटी किंवा मळमूत्र लागलेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत. शौचकुपात झाकण लावून दोनदा पाणी सोडावे. चाळीतल्या सामाईक संडासात एक बादली जास्त ओतावी. पण भगिनींनो, माणूस वेगळा करू नका! ही काळजी औषधाची आहे, माणसाची नव्हे. कर्करोग शिवण्याने होत नाही. नवऱ्याला वेगळे ताट, वेगळा तांब्या देणाऱ्या घरात मी स्वतः जाऊन भांडले आहे.

उरलेल्या गोळ्यांचे काय? मोरीत टाकल्या तर वालधुनीत जाणार, आणि त्या नदीच्या नशिबी आधीच काय कमी आहे! कचऱ्यात टाकल्या तर वेचणाऱ्या बाईच्या हाती लागणार. गोळ्या महाग असतात म्हणून शेजारच्या रोग्याला देण्याचा मोह होतो. मन चांगले असते, पण मात्रा ज्याची त्याची निराळी. पट्टीसकट बंद डबीत घालून जेथून आणल्या त्या हॉस्पिटलच्या औषधालयात परत न्या. अशा औषधांसाठी तेथे पिवळ्या पिशवीची निराळी व्यवस्था असते.

पलीकडच्या टेबलावर हातमोजे, रिकाम्या पट्ट्या आणि माझ्या दुकानातली वार लिहिलेली पाकिटे मांडून ठेवली आहेत. चहा झाला की तेथे या. आणि घरी कोणी अशी गोळी घेत असेल, पण चारचौघींत बोलावयाचे नसेल, तर दुकान दुपारी दोन ते चार रिकामे असते.