मूल्यमापनातील अव्यक्त गृहीतके



परदेशी वित्तसंस्थांच्या साहाय्याने चालणाऱ्या विकासकार्यक्रमांचे अहवाल मोठे रेखीव असतात. किती गावे घेतली, किती कामे झाली, याचे आकडे त्यांत असतात. मात्र त्या आकड्यांच्या मुळाशी काय न बोलता धरून चालले आहे, हे क्वचितच लिहिलेले असते. पूर्णेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. 'इतक्या विहिरी झाल्या' या वाक्यात 'विहिरीचे पाणी गोडे असते' हे दुसरे वाक्य दडलेले आहे, आणि खारपाणपट्ट्यात नेमके तेच खोटे ठरते. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातील गावे वेगळी धरली गेली, हे योग्यच झाले.

याहून बोलके उदाहरण ग्रामस्वच्छतेचे आहे. २००४ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील ६० गावांपैकी निम्मी गावे चिठ्ठी टाकावी तशी निवडून तेथे स्वच्छतेची विशेष मोहीम राबविण्यात आली. पुढे त्या गावांतील बालकांची वयाच्या मानाने उंची सुमारे ०.३ प्रमाण विचलनाने अधिक भरली. चार वर्षांच्या मुलाच्या हिशेबाने हे साधारण सव्वा सेंटीमीटर होते. निष्कर्ष आनंदाचा खराच. परंतु प्रयोग मुळात तीन जिल्ह्यांत व्हावयाचा होता. नांदेड आणि नंदुरबार येथे पाहणी झाली, मोहीम मात्र पोहोचलीच नाही. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे ती पोहोचली, यात नवल ते काय! 'मोहिमेने उंची वाढते' या विधानात 'जेथे मोहीम राबविणारी यंत्रणा आहे तेथे' ही अट गुप्त होती. संशोधक जेफ्री हॅमर व डीन स्पिअर्स यांनी ती झाकली नाही, उलट तिलाच अभ्यासाचा विषय केले. नयवाद परिचित असलेल्या श्रोत्यांना या प्रामाणिकपणाचे मोल वेगळे सांगावयास नको.

ओडिशातील पुरी जिल्ह्याच्या १०० गावांची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या गावांत काम झाले, तेथे शौचालयांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले. तरी मुलांचे जुलाब घटले नाहीत, वाढही सुधारली नाही. बांधलेले शौचालय सर्वजण वापरतील, हे गृहीतक तेथे कोसळले. उरलेली घरे उघड्यावर जात राहिली, तर शेजारच्या स्वच्छ घरातील मूलही सुटत नाही.

महाराष्ट्रात निदान मशागत झालेली होती. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावोगाव झाडले, आणि शासनाचे ग्रामस्वच्छता अभियान २००० साली त्यांच्याच नावाने सुरू झाले. प्रति शौचालय खर्च काढताना ही मशागत हिशेबात धरली नाही, तर तेवढ्याच पैशात कोठेही तेच फळ मिळेल असे वाटू लागते.

स्थानिक न्यासांचे दानही या तपासणीतून सुटू नये. आपल्या भागात उन्हाळ्यात अनेक गावांना टँकरची वाट पाहावी लागते. तेथे शौचालय बांधून देण्यापूर्वी पाणी कोण आणणार आणि कोठून, हे घरातील स्त्रियांना विचारावे. नामफलकाआधी हा प्रश्न आला, तर देणगीचा काही भाग वेळीच पाण्याच्या टाकीकडे वळविता येतो.