स्थलांतरिताची शिदोरी : विवाह, वारसा आणि परदेशातील उत्तरायुष्य
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी वारसा आणि विवाह यांविषयीच्या कायद्यांवर बोलावे, अशी आज्ञा कार्यकारिणीने केली तेव्हा आम्ही क्षणभर संकोचलो. उत्सवाच्या मांडवात मृत्युपत्राची भाषा कोणाला रुचावी? परंतु या सभागृहातून नजर फिरविली असता ज्यांचे एकही अपत्य परदेशी नाही अशी घरे थोडीच दिसतात. मुले गेली, आता त्यांच्या मागोमाग जाण्याची पाळी आईवडिलांवर येत आहे. आमचा मुलगा येथेच जबलपुरात आहे. मुलगी जर्मनीत असते आणि “आता इकडेच या” असा तिचा आम्हा उभयतांना आग्रह चालू आहे. म्हणून आज जे सांगावयाचे ते केवळ वकिलाच्या भूमिकेतून नव्हे.

वस्तुतः परक्या मुलखात घर करणे आपल्याला नवे नाही. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य घेतले, १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. त्या काळात आणि त्यानंतरही जी दक्षिणी घराणी नर्मदाकाठी स्थिरावली, त्यांनी आपल्याबरोबर देव्हारा आणला, बोली आणली, सणवार आणले. आणि नकळत आणखी एक वस्तू आणली. ती म्हणजे आपला वारसाहक्काचा कायदा.

पूर्वी हिंदू कायदा सर्वत्र एक नव्हता. उत्तरेत मिताक्षरेचा बनारस पंथ चाले, तर आपल्याकडे मुंबई पंथ. बनारस पंथाप्रमाणे मुलीला बापाची मिळकत मिळालीच, तर ती तिच्या हयातीपुरती. तिच्यामागे ती पुन्हा बापाच्या वारसांकडे जाई. मुंबई पंथाप्रमाणे मात्र मुलगी त्या मिळकतीची पूर्ण मालकीण होई. मग मध्य प्रांतात येऊन राहिलेल्या महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्यातील मुलीने कोणत्या कायद्याचा आधार घ्यावा? ‘बळवंतराव विरुद्ध बाजीराव’ या दाव्यात १९२० साली प्रिव्ही कौन्सिलने निवाडा दिला की, स्थलांतर करणारे घराणे आपला कायदा बरोबर घेऊन जाते आणि तो त्याने टाकून दिल्याचे सिद्ध होईपर्यंत तोच त्याला लागू राहतो. मुलीचा पूर्ण हक्क मान्य झाला. योगायोग असा की, मुंबई पंथाचा एक मोठा आधार जो ‘व्यवहारमयूख’, त्याचे कर्ते नीलकंठभट्ट हे स्वतः काशीनिवासी होते. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने हे पंथभेद जवळजवळ संपविले. तथापि ते तत्त्व अद्याप जिवंत आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, गोव्याचा अधिवास असलेल्या व्यक्तीची मिळकत भारतात अन्यत्र असली तरी तिचा वारसा गोव्यात चालत आलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणेच ठरेल. त्या संहितेत पतिपत्नींची संपत्ती सामान्यतः समाईक असते आणि मुलांचा अर्धा वाटा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. ज्यांची सोयरीक गोव्यात झाली आहे, त्यांनी हे ध्यानी ठेवावे.

परंतु देशाची सीमा ओलांडली की ही शिदोरी तशीच पुरेल, या भ्रमात कोणी राहू नये. आपल्या न्यायालयांचा स्थूल नियम असा आहे : स्थावर मिळकतीचा वारसा ती जेथे असेल तेथील कायद्याने आणि जंगम मिळकतीचा वारसा मृताच्या अधिवासाच्या कायद्याने ठरतो. म्हणजे राइट टाउनातील घर भारतीय कायद्याने जाईल. पण बँकेतील ठेवी आणि रोखे यांचा प्रश्न, आपण कायमचे घर कोणत्या देशात केले, यावर अवलंबून राहील.

युरोपात तर निराळीच रीत आहे. युरोपीय संघाचा २०१२ चा वारसाविषयक नियम १७ ऑगस्ट २०१५ पासून झालेल्या मृत्यूंना लागू आहे. डेन्मार्क आणि आयर्लंड वगळता संघातील देशांत, मनुष्य अखेरीस जेथे नित्य राहत होता तेथील कायदा त्याच्या सर्व संपत्तीला, स्थावर असो की जंगम, लावला जातो. आम्ही मुलीकडे कायम राहावयास गेलो, तर जर्मन न्यायालय जर्मन कायदा पाहील. आणि जर्मन कायद्यात मुलांना व जोडीदाराला सक्तीचा वाटा आहे. आपल्याकडे हिंदू व्यक्ती आपल्या हिश्श्याची संपत्ती मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकते. मात्र या युरोपीय नियमातच एक दार ठेवलेले आहे. ज्या देशाचे आपण नागरिक आहोत तेथील कायदा आपल्या वारशाला लागू व्हावा, असे मृत्युपत्रात स्पष्ट लिहिता येते. पुढे नागरिकत्व बदलले तरी ही निवड टिकते. एका वाक्याचे काम; पण ते वाक्य हयातीतच लिहावे लागते.

आता विवाहाकडे वळू. सप्तपदीतील सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण झाला, हे हिंदू विवाह कायद्यानेही मान्य केले आहे. परंतु परदेशातील कचेरीत त्या सात पावलांचे छायाचित्र दाखवून भागत नाही. आमच्या पिढीतील अनेकांच्या विवाहाचा पुरावा म्हणजे जुनी लग्नपत्रिका आणि रुखवताच्या आठवणी! विवाह नोंदविला नाही म्हणून तो अवैध होत नाही. तथापि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी सक्तीची करण्याविषयी आदेश दिले, त्यामागे स्त्रियांच्या संरक्षणाचाच विचार होता. विधवेला परक्या देशात आपण पत्नी होतो हे सिद्ध करावे लागावे, यासारखी विटंबना नाही. ज्यांनी नोंदणी केली नाही, त्यांनी ती आता करावी.

दुसरी गोष्ट मुलांच्या विवाहांची. मुलाने अन्यधर्मीय परदेशी मुलीशी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने येथे विवाह केला, तर त्याच्या संपत्तीला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू न होता १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. (वधूवर दोघेही हिंदू असल्यास १९७६ च्या दुरुस्तीमुळे असे होत नाही.) हिंदू कायद्यात मृत मुलाच्या मिळकतीत त्याची आई ही पत्नी व मुले यांच्या बरोबरीची वारस असते. १९२५ च्या कायद्याप्रमाणे मात्र एकतृतीयांश पत्नीला आणि दोनतृतीयांश मुलांना. आईला काहीही नाही. सून कितीही गुणी असली तरी कायदा हा असा आहे. मुलाच्या आधारावर राहणाऱ्या मातेची व्यवस्था मुलाने मृत्युपत्राने करावी, हे त्याला सांगण्यास आपण संकोचतो. असा संकोच बाळगणे योग्य नव्हे.

मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. ते करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. ज्याला लाभ मिळावयाचा त्याला साक्षीदार करू नये. दोन देशांत मिळकत असल्यास दोन मृत्युपत्रे करावीत. मात्र दुसऱ्याने पहिले रद्द होत नाही, असे त्यात लिहावे. मुलांनी परदेशी नागरिकत्व घेतले तरी येथील घराचा वारसा त्यांना मिळू शकतो.

शेवटी आमच्या घरची गोष्ट सांगून थांबतो. मृत्युपत्र लिहावयास बसलो तेव्हा मुलीने दूरध्वनीवर सांगितले, “बाबा, मला तिकडचे काही नको, घर दादाला द्या.” असे म्हणणाऱ्या मुली पुष्कळ आणि ते तत्काळ मान्य करणारे आईबापही पुष्कळ. आम्हालाही ते सोयीचे वाटले होते. परंतु सहधर्मचारिणी म्हणाल्या, “ती नको म्हणते, कारण आपण कधी ‘घे’ म्हटले नाही.” आम्ही निरुत्तर झालो. शंभर वर्षांपूर्वी या प्रांतातील मराठी मुलीला तिच्या बापाच्या मिळकतीची पूर्ण मालकी मिळाली, ती वाडवडिलांनी हा कायदा वाटेत टाकून दिला नाही म्हणून. तो टाकून देणारे आम्ही कोण?

घराचा अर्धा हिस्सा आम्ही मुलीच्या नावे लिहिला आहे. जर्मनीला जावयाचे की नाही, याचा निर्णय मात्र अद्याप व्हावयाचा आहे; ग्वारीघाट सोडवत नाही. पण जेथे डोळे मिटतील तेथून आमचे शब्द आमच्या मुलांपर्यंत पोहोचतील, एवढी तजवीज झाली आहे. आपणही ती करावी, ही विनंती.