वस्त्रपरीक्षेचा आकडा आणि त्याचा अर्थ

चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेला वरोरा, राजुरा आणि कोरपना या तालुक्यांच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो, तर पूर्वेला धानपट्टीच्या कडेने सावली, सिंदेवाहीपासून थेट १९८२ साली याच जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीच्या आरमोरी, कुरखेड्यापर्यंत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरची, म्हणजे इथल्या लोकांच्या कोशाची, अळी पोसली जाते. एक तंतू शेतातला आणि दुसरा जंगलातला, एक वनस्पतिज आणि दुसरा प्राणिज असे दोन तंतू एवढ्या जवळजवळ नांदत असलेला प्रदेश महाराष्ट्रात विरळाच आहे. त्यामुळे वस्त्रपरीक्षा हा विषय या भूमीत पुस्तकी राहत नाही. कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याचा, कोष राखणाऱ्या ढिवर कुटुंबाचा आणि नागभीड परिसरातील विणकराचा दर त्याच्याशी थेट बांधलेला आहे. या परिषदेत नव्या यंत्रांची चर्चा पुष्कळ होईल आणि ती व्हावीही. परंतु अध्यक्षपदावरून मांडावयाचा मुद्दा त्याहून साधा आहे. रोजच्या, नेहमीच्या चाचण्यांतून निघणारा आकडा हा स्वतः निर्णय नसतो. तो कोणत्या हवेत, कोणत्या नमुन्यावर आणि किती वेळा मोजून मिळाला हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ येत नाही, आणि तसा अर्थ नसलेल्या आकड्यावर ठरवलेला भाव कोणावर तरी अन्याय करतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ओलाव्याचे आहे. तंतू हवेतील बाष्प शोषतो आणि सोडतो, त्यामुळे एकाच मालाचे वजन ऋतूप्रमाणे बदलते. तंतूतील पाण्याचे वजन त्याच्या पूर्ण कोरड्या वजनाच्या शेकडा किती आहे, या प्रमाणाला आर्द्रता-पुनर्प्राप्ती म्हणतात. व्यापारासाठी रेशमाचे हे प्रमाण ११ टक्के आणि कापसाचे ८.५ टक्के मानले जाते. रेशमाचे वजन नेमके कोणते धरावे हा तंटा जुना आहे. तो मिटवण्यासाठीच फ्रान्समधील ल्यों शहरात १८०५ साली रेशीम वाळवून त्याचे खरे वजन ठरवणारी सार्वजनिक संस्था स्थापन झाली. आता समजा, पावसाळ्यात ५० किलो कोसा सुताचा गठ्ठा विक्रीला आला, त्यातील २०० ग्रॅमचा नमुना भट्टीत १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवला आणि तो १७२ ग्रॅम भरला. म्हणजे पुनर्प्राप्ती १६ टक्क्यांहून अधिक आहे, गठ्ठ्यातील कोरडे रेशीम ४३ किलो आहे आणि त्यावर ११ टक्के धरून त्याचे न्याय्य वजन ४७.७३ किलो होते. खरेदीदार सव्वादोन किलो पाण्याचे पैसे मोजतो. एवढा हिशेब बहुतेकांना ठाऊक असतो, पण त्याची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. चंद्रपूरच्या वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी होते की त्याच सुताची पुनर्प्राप्ती ५ टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकते. तेव्हा ५० किलो भरलेल्या गठ्ठ्याचे न्याय्य वजन ५२.८६ किलो असते, आणि जवळजवळ तीन किलोंचे मोल उत्पादक गमावतो. पावसाळ्यातल्या ओल्या मालाची तक्रार मोठ्याने होते, उन्हाळ्यातल्या कोरड्या मालाची होत नाही, कारण तोटा सोसणाऱ्याच्या हाती भट्टी नसते आणि तराजूही नसतो.

कापसाच्या बाजारात हीच चाचणी ओलावामापकाच्या रूपाने शेतकऱ्याला भेटते. भारतीय कापूस निगमाच्या हमीभाव खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात होते आणि त्यापुढे माल घेतला जात नाही. मापकाची सुई ढिगाच्या पृष्ठभागात खुपसली की आत, कापूस दाबला की सैल सोडला, सकाळच्या दवात मोजले की दुपारी, यांवर वाचन बदलते; म्हणून एका टोचणीवर गाडी परतवणे हे शास्त्राला धरून नाही. निरनिराळ्या खोलीवर घेतलेल्या अनेक वाचनांची सरासरी आणि त्या वाचनांतील अंतर हाच या चाचणीचा निकाल होय.

नमुन्याला ठरावीक हवेत ठेवून मगच मोजणे याला अनुकूलन म्हणतात. भारतीय मानकांनी त्यासाठी २७ अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता ठरवली आहे, दोन्हींत दोन एककांची सूट आहे. ही अट वजनापुरतीच नाही, ताकदीलाही लागू आहे. कापूस ओला झाला की बळकट होतो आणि रेशीम ओले झाले की दुबळे होते. म्हणून आषाढात उघड्या खोलीत ताणून पाहिलेले कोशाचे सूत कमकुवत ठरेल आणि त्याच खोलीत तपासलेले सुती सूत आहे त्याहून मजबूत वाटेल. करवतकाठी साडीत अंग कोशाचे आणि काठ सुती असतो. अशा एकाच वस्त्रातील दोन तंतूंची तुलना अननुकूलित हवेत केली, तर निकाल दोन्ही बाजूंनी उलट्या दिशेला सरकतो, आणि अहवालात हवेची नोंद नसेल तर ही चूक नंतर कोणालाही शोधता येत नाही.

सुताची जाडी मोजण्याच्या पद्धती दोन प्रकारच्या आहेत. रेशमात ९००० मीटर सुताचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. तो आकडा वाढला की सूत जाड. सुती धाग्यात मात्र एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात तो नंबर. तो वाढला की सूत बारीक. दोन्ही धागे एकाच मागावर येणाऱ्या या भागात ही उलटापालट लक्षात ठेवावी लागते. तुतीच्या रेशमाचा एकेरी तंतू दोन-तीन डेनियरचा असतो, कोशाचा त्याच्या कितीतरी पट जाड असतो आणि कोषागणिक बदलतो, म्हणून कोशात सरासरीपेक्षा विषमता अधिक महत्त्वाची ठरते. एका गठ्ठ्यातील पाच लड्या ६६, ६८, ७०, ७२ आणि ७४ डेनियरच्या निघाल्या व दुसऱ्यातील ४८, ६०, ६८, ७९ आणि ९५ च्या निघाल्या, तर सरासरी दोन्हींची ७०च येते. वाचने सरासरीपासून किती पसरली आहेत हे मोजणाऱ्या प्रमाण विचलनाची सरासरीशी असलेली टक्केवारी, म्हणजे विचलन गुणांक, पहिल्या गठ्ठ्यात साडेचार आणि दुसऱ्यात पंचवीसच्या वर जाते. पहिले सूत ताण्याला चालेल; दुसरे ताण्यावर चढवले तर ते फणीत तुटत राहील आणि विणकराचा दिवस गाठी मारण्यात जाईल. मांडीवर वळून काढलेल्या सुतात ही विषमता सहज येते आणि ते सूत बाण्याला देण्यात विणकरांचा पिढ्यांचा अनुभव आहे; प्रयोगशाळेने त्या अनुभवाला आकडा पुरवावा, त्याला खोटे पाडू नये. केवळ सरासरी छापणारा अहवाल या कामी निरुपयोगी आहे, हे स्पष्ट म्हणावे लागेल.

कापडाच्या ताकदीच्या चाचणीत ५० मिलिमीटर रुंदीची पट्टी दोन जबड्यांत धरून तुटेपर्यंत ताणतात. पट्टी जबड्याच्या कडेलाच तुटली तर ते वाचन बहुधा पकडीचा दोष दाखवते आणि ते बाजूला ठेवणे योग्य ठरते. मात्र वाचन कमी आले एवढ्याच कारणाने ते वगळणे हा अप्रामाणिकपणा आहे. हातमागाचे विरळ कापड कधी तुटण्याऐवजी त्यातले धागे सरकतात, तेव्हा यंत्राने दाखवलेला जोर धाग्याचा नसून विणीचा असतो.

रंगाच्या पक्केपणाचे आकडे तर सर्वांत जास्त चुकीचे वाचले जातात. धुण्याने किंवा घासण्याने रंग किती उतरला हे करड्या पट्टीशी ताडून १ ते ५ अशी श्रेणी देतात आणि उन्हातील पक्केपणाला १ ते ८ अशी. या श्रेणी म्हणजे शेकडा गुण नव्हेत. करड्या पट्टीवर प्रत्येक पायरी खाली येताना रंगातील फरक जवळजवळ दुप्पट होतो. श्रेणी ४ ला तो १.७ एकक असतो, ३ ला ३.४ आणि २ ला ६.८. म्हणजे ४ वरून ३ वर येणे आणि ३ वरून २ वर येणे या सारख्या घसरणी नाहीत, आणि एका तुकड्याची ५ व दुसऱ्याची २ यांची सरासरी साडेतीन काढून माल पास करणे म्हणजे गिऱ्हाईकाच्या धुण्यात उतरणारा रंग कागदावर लपवणे आहे.

तंतू ओळखण्याच्या चाचण्यांना लोकांमध्ये फार मान आहे. जळताना केस जळल्याचा वास येऊन चुरडणारी काळी राख उरली तर रेशीम, कागदासारखी मऊ करडी राख उरली तर सूत, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, एवढे खेड्यातल्या दुकानदारालाही माहीत असते. उकळत्या ५ टक्के कॉस्टिक सोड्यात रेशीम विरघळते आणि कापूस उरतो, त्यावरून मिश्रणाचे प्रमाण काढता येते. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात तुतीचे रेशीम लवकर विरघळते, कोसा टिकाव धरतो. सूक्ष्मदर्शकाखाली तुतीच्या तंतूचा छेद गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणासारखा आणि कोशाचा चपटा, फितीसारखा दिसतो. पण या चाचण्यांची मर्यादाही तितकीच ठळक आहे. परदेशातून येणारे ओकच्या पानांवर पोसलेल्या अळीचे टसर सूत हेही वन्य रेशीमच आहे आणि भारतातील विणकर ते ताण्याला वापरतात. जळण्याचा वास किंवा आम्ल यांवरून ते सूत आरमोरीच्या ऐनावरचे की परदेशी ओकवरचे हे कळत नाही. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून दिला जाणारा सिल्क मार्क शुद्ध रेशमाची हमी देतो, त्याच्या गावाची नव्हे. आणि करवतकाठीला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची सत्यता परीक्षानळीत सिद्ध होत नाही, ती कोषाच्या खरेदीपासून मागापर्यंतच्या लेखी नोंदींनीच सिद्ध होते. जे चाचणी सांगू शकत नाही ते तिच्या नावावर खपवणे हा या व्यवसायातील सर्वांत मोठा दोष आहे.

कापसाच्या बाबतीतही अशीच सावधगिरी लागते. मुंबईत माटुंगा येथे १९२४ साली सुरू झालेल्या आणि आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेने भारतीय कापसाच्या तंतूपरीक्षेचा पाया घातला. तिथे आणि सर्वत्र वापरले जाणारे मायक्रोनेअर हे माप, दाबलेल्या कापसातून हवा किती सहज जाते त्यावरून निघते. हा आकडा कमी आला तर तंतू जातीनेच बारीक असेल किंवा अपक्व राहिला असेल. पहिला गुण आहे, दुसरा दोष आहे आणि आकडा एकच आहे. कोरपन्याच्या शेतातील वाण आणि वेचणीची वेळ ठाऊक असल्याशिवाय त्यावरून भाव पाडणे रास्त नाही.

या सर्वांसाठी फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. वाळवण्याची भट्टी, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा तराजू, लडी मोजण्याचे चाक, पीळमापक, एक सूक्ष्मदर्शक आणि तापमान-आर्द्रतेची नोंदवही एवढ्यावर जंगलपट्ट्यातील बहुतांश व्यवहार न्याय्य होऊ शकतो. हे साहित्य नागपूर-मुंबईपुरते न राहता कोष सुकतो आणि सूत निघते त्या गावांच्या हाताशी असावे. परिषदेत जमलेल्या परीक्षकांनी, रेशीम विभागाच्या कार्यकर्त्यांनी आणि विणकर सहकारी संस्थांनी यापुढे एकही अहवाल नमुना कुठून घेतला, हवा कोणती होती, वाचने किती घेतली आणि त्यांचा पसरा किती होता या चार नोंदींवाचून देऊ अथवा स्वीकारू नये, आणि तो ज्याच्या मालाचा आहे त्या शेतकऱ्याला, ढिवराला व विणकराला मराठीत लिहून मिळावा, अशी या अध्यक्षपदावरून सर्वांना आग्रहाची विनंती आहे.