स्वस्त काठी, भरवशाचा दोर

कोणताही छंद जडला की त्याच्या मागोमाग बाजार येतो. गाण्याचा नाद लागलेल्याला तंबोऱ्यांची दुकाने दिसू लागतात, डोंगर चढण्याचा नाद लागलेल्याला बुटांची. गळाने मासे धरण्याचा छंद याला अपवाद नाही. वास्तविक या उद्योगाला लागते किती? एक गळ, थोडा दोर, एखादी काठी आणि पुष्कळसा धीर. यांपैकी चौथी वस्तू कोणत्याच दुकानात मिळत नाही. म्हणूनच की काय, पहिल्या तिहींचा पसारा व्यापाऱ्यांनी बेसुमार वाढवून ठेवला आहे.

हा पसारा पाहावयाचा तर अमेरिकेत पाहावा. तेथील तळ्यांत व संथ नद्यांत ‘बॅस’ नावाचा मासा असतो आणि त्याला गळाला लावणे हा लाखो लोकांचा विरंगुळा आहे. १९६७ साली रे स्कॉट या गृहस्थाने आर्कान्सॉ राज्यातील बीव्हर सरोवरावर बॅसच्या शिकारीची मोठी स्पर्धा भरविली. तेव्हापासून या विरंगुळ्याला व्यावसायिक खेळाचे रूप येत गेले. आज स्पर्धकाच्या नावेत दहाबारा काठ्या सहज असतात. प्रत्येक आमिषासाठी वेगळी काठी, वेगळे रीळ, वेगळा दोर. हे पाहून नवखा माणूस बिचकतो. खिशात बेताचे पैसे असलेला विद्यार्थी, मुलांना सुटीच्या दिवशी तळ्यावर नेऊ पाहणारे आईबाप, नोकरीसाठी तिकडे जाऊन नुकतेच बिऱ्हाड मांडलेले एखादे मराठी कुटुंब, या सर्वांपुढे प्रश्न एकच असतो: थोड्या पैशांत काय घ्यावे आणि काय सोडावे?

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येईल. खर्चाचा हिशेब काठीच्या मुठीपासून न मांडता माशाच्या तोंडापासून मांडावा. माशाच्या जितके जवळ, तितकी वस्तू महत्त्वाची. माणसाच्या हाताच्या जितके जवळ, तितकी हौस अधिक आणि गरज कमी. कोकणात खाडीच्या काठावर गरवायला बसणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. तो नुसता दोर बोटांत धरून बसतो. पण गळ बोथट झाला आहे की काय, दोर कोठे चरला आहे की काय, हे पाहिल्यावाचून तो आमिष पाण्यात टाकीत नाही.

आधी ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो मासा कसा आहे हे पाहू. बॅसच्या अनेक जाती आहेत. त्यांत सर्वांत लोकप्रिय तो मोठ्या तोंडाचा बॅस. अंग हिरवट, कुशीवरून गेलेला काळसर पट्टा आणि जबडा इतका मोठा की त्याची कड डोळ्याच्याही मागे जाते. हा मासा भक्ष्याचा पाठलाग करीत दूरवर धावत नाही. पाणवनस्पतींच्या गर्दीत, बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत किंवा धक्क्याच्या सावलीत तो दबा धरून बसतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की एकाच झेपेत गिळतो. गळ लागताच त्याची धाव असते ती पुन्हा त्याच अडगळीकडे. आपल्याकडचा महसीर गळासह नदीच्या प्रवाहात शेकडो हात धावत सुटतो. बॅसची झुंज त्या मानाने तोकडी, परंतु दांडगी. यावरून एक गोष्ट उघड होते. या शिकारीला शेकडो वार दोर मावेल असे अवजड रीळ नको. हवी ती थोड्या अंतरावरची अचूक फेक, गळ जबड्यात रुतविण्याइतकी ताठ काठी आणि फांदीला घासूनही टिकेल असा दोर.

भारी सरंजामावाचून काय साधते याचे उदाहरण या माशाच्या इतिहासातच आहे. २ जून १९३२ रोजी, मंदीच्या ऐन कडक काळात, जॉर्जिया राज्यातील जॉर्ज पेरी हा तरुण शेतकरी मित्रासह मॉन्टगोमेरी सरोवरावर गेला. सरोवर म्हणावयाचे इतकेच. ऑक्मल्गी नदीने पात्र बदलल्यावर मागे राहिलेला तो एक डोह होता. पेरीची काठी आणि रीळ अगदी साधे होते, आणि दोघां मित्रांत मिळून कृत्रिम आमिष एकच होते असे सांगतात. गळाला लागलेला बॅस भरला २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोंहून थोडा अधिक. घरच्या माणसांनी तो शिजवून खाल्ला. पण त्याआधी वजनाची रीतसर नोंद झाली होती, आणि एका मासिकाच्या त्या वर्षीच्या स्पर्धेत पेरीला बक्षीस मिळाले. पुढे सत्त्याहत्तर वर्षे त्या वजनाची बरोबरी कोणाला करता आली नाही. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता याने जवळजवळ त्याच वजनाचा मासा धरला आणि तेव्हापासून विक्रमाच्या वहीत ही दोन नावे शेजारी शेजारी आहेत. पेरीला दैवाने हात दिला हे खरेच. परंतु दैव काठीची किंमत विचारीत नाही, हेही तितकेच खरे.

आता एकेका साधनाकडे वळू. प्रथम रीळ, कारण नवख्याचे पैसे सर्वाधिक वाया जातात ते येथे. अमेरिकेत बॅससाठी बनलेल्या जुन्या जातीच्या रिळाचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जातो. केंटकी राज्यातील पॅरिस गावचा घड्याळजी जॉर्ज स्नायडर याने दंतचक्रे बसवून असे रीळ घडविले की मूठ एकदा फिरविली असता दोराची फिरकी अनेकदा फिरावी. या जातीत फेकीच्या वेळी फिरकी स्वतः गरगरते, पतंगाच्या मांजाची फिरकी गरगरते तशी. आमिष पुढे जाऊन मंदावते, फिरकी मात्र वेग सोडीत नाही आणि दोराचा भलामोठा गुंता होतो. अंगठ्याने फिरकी नेमकी दाबण्याची कला साधेपर्यंत हा त्रास चुकत नाही. ही रिळे चांगली असतील तरच चांगली. स्वस्तातली घेतली तर गुंता सोडविण्यातच दिवस मावळतो.

दुसऱ्या जातीत फिरकी स्थिर असते. दोर तिच्या टोकावरून वेटोळ्यावेटोळ्यांनी सुटतो, आणि आमिष थांबले की तोही थांबतो. इंग्लंडातील ब्रॅडफर्डचे गिरणीमालक आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली अशा रिळाचे पेटंट घेतले. गिरणीतल्या सुताच्या बॉबिनवरून त्यांना ही युक्ती सुचली असे म्हणतात. याच तत्त्वावर टेक्सासच्या आर. डी. हल या आणखी एका घड्याळजीने झाकण असलेले, अंगठ्याच्या कळीवर चालणारे रीळ बनविले. ओक्लाहोमातील टल्सा येथे तेलविहिरींसाठी कालस्फोटके बनविणाऱ्या झीरो अवर बॉम्ब कंपनीने ते १९४९ साली बाजारात आणले. ‘झेबको’ हे प्रसिद्ध नाव याच कंपनीच्या नावाचे संक्षिप्त रूप होय.

थोड्या पैशांत खरेदी करणाऱ्याने लहान मुलासाठी झाकणाचे आणि स्वतःसाठी उघड्या स्थिर फिरकीचे मध्यम आकाराचे रीळ घ्यावे. आत बेअरिंगे किती, याची जाहिरात मोठ्या अक्षरांत असते. तिकडे फारसे लक्ष देऊ नये, कारण अनेक हलक्या बेअरिंगांपेक्षा थोडी चांगली केव्हाही बरी. दुकानात दोनच गोष्टी पाहाव्यात. मूठ फिरविताना ती डुगडुगता कामा नये. आणि ताण आला असता दोर सोडणारी जी घर्षणाची चकती असते, तिच्यातून दोर झटके न देता एकसारखा सुटला पाहिजे. माशाची धाव सोसते ती ही चकती. दोराच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतक्या ताणावर तिने दोर सोडावा, असा ती लावण्याचा नियम आहे.

काठीच्या कथेत भारताचाही वाटा आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कारागीर बांबूच्या चिरफळ्या जोडून सुंदर काठ्या बनवीत. त्यासाठी त्यांना लागणारा बांबू हिंदुस्थानातून जाई आणि तिकडे तो ‘कलकत्ता’ याच नावाने ओळखला जाई. पुढे दक्षिण चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या काठ्या आल्या. १९५० च्या सुमारास चीनशी अमेरिकेचा व्यापार तुटल्यावर त्यांचा प्रसार झपाट्याने झाला, आणि १९७० नंतर कार्बनतंतूच्या काठ्या आल्या. काचतंतू जड, परंतु चिवट असतो. कार्बनतंतू हलका आणि माशाचा स्पर्श हाताला चटकन सांगणारा. मात्र फार हलकी, फार महाग काठी मोटारीच्या दारात सापडली की तुटलीच म्हणून समजावे. साधारण साडेसहा ते सात फूट लांबीची, मध्यम ताकदीची, मुख्यतः शेंड्याकडे वाकणारी साधी कार्बनतंतूची काठी बॅसच्या बहुतेक प्रसंगांना पुरते. बसने किंवा आगगाडीने जाणाऱ्याने ती दोन तुकड्यांची घ्यावी.

जुनी काठी विकत घेण्यातही कमीपणा नाही. फक्त दोर जेथून जातो त्या कड्यांतून थोडा कापूस फिरवून पाहावा. कापसाचे तंतू कोठे अडकले, तर कडीला बारीक चीर आहे असे समजावे. तीच चीर पुढे दोर कापते.

आता दोर. पूर्वी तो रेशमाचा किंवा तागासारख्या अळशीच्या सुताचा असे, आणि घरी आल्यावर न वाळविल्यास कुजून जाई. १९३८ साली ड्यू पाँट कंपनीने नायलॉन जाहीर केले आणि पुढे ही चिंता मिटली. आज तीन प्रकार मिळतात. विणलेला कृत्रिम दोर बारीक असून अतिशय बळकट व टिकाऊ असतो. पण तो महाग आणि गाठीतून निसटणारा. फ्लुरोकार्बनचा दोर पाण्यात कमी दिसतो, घासणे बऱ्यापैकी सोसतो. तोही नायलॉनहून महाग. साधा एकपदरी नायलॉन सर्वांत स्वस्त. तो थोडा ताणला जातो, आणि हा दोष नवख्याच्या दृष्टीने गुणच ठरतो. कारण घाईने दिलेला हिसका तो पोटात घालतो. आठ ते दहा पौंड ताण सोसणारा नायलॉन मोकळ्या पाण्यातील बॅसला पुरेसा होतो. दाट अडगळीत मात्र याहून बळकट दोर हवा.

येथे काटकसरीची एक उत्तम युक्ती आहे. फिरकीचा तळचा अर्धा भाग जुन्या दोराने भरावा आणि वरचा अर्धा तेवढा नव्याने. फेक वरच्याच भागातून होते; तळचा दोर वर्षानुवर्षे उजेड पाहत नाही. अशा रीतीने एका गुंडाळीत दोनदा दोर बदलता येतो, आणि नायलॉन उन्हाने व वापराने कमजोर होत असल्यामुळे तो वेळोवेळी बदललाच पाहिजे. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी, कारण कोरड्या गाठीत घर्षणाने ऊष्णता निर्माण होऊन नायलॉन दुबळे होते. प्रत्येक माशानंतर गळाजवळचा हातभर दोर बोटांतून ओढून पाहावा. खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने बांधावी. या दक्षतेला एक पैसाही पडत नाही, आणि महागडे रीळ तिची उणीव भरून काढू शकत नाही.

तेव्हा खर्चाचा क्रम असा लागतो. सर्वांत आधी परवाना. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना निराळा असतो. लहान मुलांना बहुतेक ठिकाणी त्यातून सूट असते. त्यानंतर धारदार गळ, चांगला दोर आणि मऊ प्लास्टिकच्या गांडुळांची एखादी पुडी. ही आमिषे स्वस्त असतात, आणि गळाचे टोक त्यांच्यातच लपविता येत असल्यामुळे ती वनस्पतींत सहसा अडकत नाहीत. मग उरलेल्या रकमेतला मोठा वाटा काठीला आणि लहान वाटा रिळाला. १९५० च्या कायद्यानुसार अमेरिकेत मासेमारीच्या साधनांवर जो कर बसतो, त्याचा पैसा मत्स्यसंवर्धनासाठी राज्यांना दिला जातो. म्हणजे साध्या काठीचा खरेदीदारही त्या तळ्याच्या जोपासनेत आपला वाटा उचलीतच असतो.

दोराविषयीचा हा आग्रह केवळ शिकाऱ्याच्या फायद्यासाठी नाही. १९७२ पासून रे स्कॉटच्या संस्थेने स्पर्धेतील मासे जिवंत सोडून देण्याचा पुरस्कार केला आणि आज बॅस धरणारे पुष्कळ लोक तो मासा पाण्यात परत सोडतात. असा मासा पुढे जगावयाचा, तर झुंज लवकर संपली पाहिजे. प्रमाणाबाहेर नाजूक दोर वापरला की मासा फार वेळ खेळवावा लागतो आणि दमून मेल्यासारखा होतो. कुजका दोर तुटला की गळ त्याच्या जबड्यातच राहतो. आणि पाण्यात सुटलेल्या नायलॉनच्या वेटोळ्यांत पाणपक्ष्यांचे पाय गुंततात. काठी स्वस्त घेतली तर तोटा झालाच तर घेणाऱ्याचा होतो. दोरात कंजुषी केली तर त्याची किंमत मासा आणि पाखरू चुकविते. आणि त्या दोघांना दुकानात निवड करण्याची संधी कधीच मिळालेली नसते.