आपत्तीनिवारण : मेहेरबानी की हक्क?

(नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडी येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



‘पर्यावरण’ हा शब्द आपल्या चळवळीत उशिरा आला. जंगल, जमीन आणि पाणी हे शब्द मात्र पहिल्यापासून होते, आणि या भागात तर ते रक्त सांडून आलेले आहेत. 1971 च्या मे महिन्यात शहादे तालुक्यात पाटीलवाडीचे प्रकरण घडले. दुष्काळाने टेकीस आलेले आदिवासी धान्यासाठी गेले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. पुढे त्यातूनच भूमिमुक्तीची चळवळ उभी राहिली, 1972 साली श्रमिक संघटना स्थापन झाली, अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा भिल्ल तरुण हजारोंचा नेता झाला. पर्यावरण आणि आपत्ती हा आजचा विषय असताना मी हे जुने प्रकरण का काढतो, असे आपणांस वाटेल. पाऊस त्या वर्षी सर्वांनाच सारखा कमी पडला होता. परंतु कोणाचे कोठार भरलेले राहावे आणि कोणाची चूल विझावी, हे त्या पावसाने ठरविले नव्हते; ते जमिनीच्या मालकीने ठरविले होते. म्हणून कोणत्याही आपत्तीला ‘नैसर्गिक’ असे विशेषण लावण्यापूर्वी ते विशेषण कितपत खरे आहे, याची चौकशी आपण करावी, एवढेच मला सुरुवातीस सांगावयाचे आहे.

त्याच दुष्काळाची दुसरी बाजूही आहे, आणि ती महाराष्ट्राला भूषणावह आहे. 1972–73 च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामांवर लोक लोटले. 1973 च्या मे महिन्यात तर त्या कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. जगाच्या इतिहासात दुष्काळी कामांवर एवढी माणसे एका वेळी क्वचितच आली असतील. पीक बुडाले, गुरे गेली, पण भूकबळींचे जे थैमान आपण 1943 च्या बंगालविषयी वाचतो ते येथे माजले नाही. कारण लोकांच्या हातात मजुरी पडली आणि मजुरी का पडत नाही म्हणून मोर्चे काढणाऱ्या संघटना जागोजाग होत्या. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता, तिचा 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हे वचन कायद्याच्या पुस्तकात गेले. शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसवून खेड्यातील मजुराच्या कामाला पैसा उभा करण्यात आला. 2005 साली संसदेने देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचाच हा अनुभव जमेस होता.

काल जे दान होते ते आज देणे झाले, हा त्या कायद्याचा खरा अर्थ. तत्पूर्वी दुष्काळग्रस्त माणूस तहसील कचेरीच्या पायरीवर हात पसरून उभा राहत असे. कायद्यानंतर तो कामाची मागणी लिहून देऊ लागला.

दोषही होते, आणि ते आपणच सांगितले पाहिजेत. त्या वर्षी खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या हातांवरचे फोड मी लहानपणी पाहिले आहेत. मैलोगणती रस्त्याच्या कडेने खडीचे ढीग लागले. पुष्कळ ठिकाणी तो रस्ता कधी झालाच नाही; ढीग मात्र कित्येक वर्षे तसेच पडून होते. तेवढेच श्रम जर डोंगरउतारावरील समतल चरांत, दगडी बांधांत, नालाबांधांत आणि पाझर तलावांत गेले असते, तर पुढचा दुष्काळ आधीच्याइतका क्रूर राहिला नसता. काही ठिकाणी ते झालेही. पण हुकूम वरून येत असे, आणि वरच्या माणसाला खडी मोजणे सोपे जाते. जिरलेले पाणी मोजण्याची पट्टी कोणत्याही कारकुनाच्या टेबलावर नसते.

आता प्रश्न असा, की दुष्काळाच्या बाबतीत जे घडले ते पुराच्या, दरडीच्या, बुडिताच्या बाबतीत का घडले नाही? दुष्काळ हळूहळू येतो, पूर एका रात्रीत येतो, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. या जिल्ह्यापुरते बोलायचे तर आपल्याकडे पाणी दोन बाजूंनी चढते. दक्षिणेकडून तापी आणि उत्तरेकडे सातपुड्यापलीकडे नर्मदा. दोन्हींच्या पाण्यावर माणसाचा ताबा आहे. म्हणजे पूर येणार की नाही, हे ढगांइतकेच दरवाजे उघडणारे हातही ठरवितात.

तापीचे उदाहरण घ्या. वर हतनूरचे धरण, मग सारंगखेडा आणि प्रकाशे येथील बंधारे, खाली गुजरातेत उकाई. उकाईचे धरण 1972 मध्ये पुरे झाले आणि त्याच्या फुगवट्याने आपल्याकडील गावे बुडाली, हे नवापूर भागातील जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. धरणाकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. कालव्याला आणि विजेला जलाशय भरलेला हवा असतो; पूर अडविण्यासाठी तो रिकामा हवा असतो. 2006 च्या ऑगस्टमध्ये वरून पाण्याचा लोंढा आला तेव्हा उकाईत त्याला पुरेशी जागा शिल्लक नव्हती. सुमारे 9 लाख क्यूसेक पाणी सोडण्यात आले आणि सुरत शहराचा बहुतेक भाग बुडाला. सुरतेचे हाल सर्व देशाने ऐकले. आमच्या वरच्या गावांनी यातून घ्यावयाचा धडा असा, की जलाशय कोणत्या तारखेला किती भरावा हा विषय निव्वळ अभियंत्यांचा नाही. ज्यांच्या शेतात ते पाणी शिरणार, त्यांनाही त्यात बोलण्याचा अधिकार हवा.

नर्मदेच्या बाबतीत तर ‘नैसर्गिक’ म्हणावयास काही उरतच नाही. सरदार सरोवराने आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील 33 गावे बाधित केली. 1979 च्या लवादाने निवाडा देताना आधी पुनर्वसन आणि मग बुडित, असे तत्त्व घालून दिले होते. प्रत्यक्षात 1993 च्या पावसाळ्यात मणिबेलीत घरात पाणी शिरले तेव्हा माणसे घरातच होती. पुढे सप्टेंबर 2019 मध्ये धरण पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत पूर्ण भरले. नर्मदा बचाव आंदोलनाने या गावांसाठी केलेला लढा आपणांस माहीत आहे. जागतिक बँकेला 1993 मध्ये या प्रकल्पातून अंग काढून घ्यावे लागले तो त्याच लढ्यामुळे. त्याची हकीकत मी येथे सांगत बसत नाही. मला लक्ष वेधावयाचे आहे ते एका साध्या गोष्टीकडे. काठावरच्या पाड्यांतील जाण्यायेण्याच्या वाटा पाण्याखाली गेल्या, आणि अडलेल्या बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून न्यावे लागते, की होडीतून, यावर तिचा जीव अवलंबून राहू लागला. अशा पाड्याला पुराची वाट पाहावी लागत नाही. त्याच्यावर आपत्ती बारा महिने चालू असते.

2023 च्या 19 जुलैला रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर आदिवासींची ती वाडी. तेथपर्यंत गाडीरस्ता नव्हता, म्हणून मदत करणारे लोक अंधारात, पावसात डोंगर चढून गेले. धोक्याच्या गावांची जी सरकारी यादी होती तिच्यात या वाडीचे नाव नव्हते, असे मागाहून सरकारनेच सांगितले. त्याआधी 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यात माळीण गाव गाडले जाऊन 151 माणसे गेली होती. म्हणजे धडा नऊ वर्षांपूर्वी मिळालेला होता. यादी करणारे मात्र डोंगराखालून पाहून यादी करीत होते. आपल्या उतारावर कोठे भेग पडली आहे, कोणता झरा अचानक गढूळ झाला, कोणते झाड यंदा कलले, हे गुराख्याला ठाऊक असते. त्याला विचारण्याची आपल्या शासनात सोय नाही.

तयारीने माणसे वाचतात, याविषयी कोणास शंका असेल तर ओरिसाकडे पाहावे. 1999 च्या महावादळात तेथे सुमारे 10 हजार माणसे मेली. 2013 मध्ये फायलिन वादळ आले तेव्हा जवळजवळ 10 लाख लोकांना आधीच हलविण्यात आले आणि बळींची संख्या काही दहांत राहिली. बांगलादेशात 1970 च्या वादळाने तीन लाखांहून अधिक माणसे गिळली होती; त्यानंतर तेथे गावोगाव स्वयंसेवकांची फळी उभारण्यात आली. कर्णे आणि निशाणे घेऊन घरोघर जाऊन सांगणारी ती साधी माणसे आहेत. वेधशाळेचा संदेश शेवटच्या झोपडीपर्यंत नेणारा माणूस ठरलेला होता, म्हणून तेथील मृत्यू कमी झाले. आमच्याकडे धरणाचे दरवाजे उघडल्याचा ‘सतर्कतेचा इशारा’ तलाठ्याच्या मोबाइलपर्यंत येतो. तेथून नदीकाठच्या खळ्यावर झोपलेल्या सालदारापर्यंत तो कोण नेणार?

आता सातपुड्याकडे वळतो. इंग्रजांनी जंगल सरकारजमा केले, साग कापून नेला. स्वातंत्र्यानंतरही ठेकेदाराची कुऱ्हाड थांबली नाही. डोंगर बोडके झाल्यावर दोष मात्र कसेल त्या आदिवासीच्या माथी आला, आणि त्याच्या बापजाद्यांच्या शेताला ‘अतिक्रमण’ हे नाव पडले. उताराला झाड नाही, म्हणून पाऊस मातीत मुरत नाही. तो माती घेऊनच खाली येतो. वर शेत धुपते, खाली नाल्याला लोंढा येतो, धरणात गाळ बसतो, आणि मार्च महिन्यात त्याच गावाला टँकर लागतो. पूर आणि दुष्काळ या येथे एकाच दुखण्याच्या दोन अवस्था आहेत.

यावर उपाय सांगणारे पुष्कळ आहेत. पण उपाय करण्याचा अधिकार कोणाकडे आहे? 2006 च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमात तो ग्रामसभेला दिलेला आहे. आपल्या हद्दीतील जंगल, पाणलोट आणि पाण्याचे उगम यांचे रक्षण करण्यास ती मुखत्यार आहे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना 1996 च्या पेसा कायद्याचेही बळ आहे. वनहक्काचा दावा हा केवळ चार बिघे जमिनीचा दावा आहे, असे समजणारे कार्यकर्ते आपल्यातही आहेत. त्या दाव्यात डोंगराची माती धरून ठेवण्याचा अधिकार येतो, आणि म्हणून खालच्या गावाचा पूर अडविण्याचाही येतो. सपाटीवरील ऊस-केळीच्या बागायतदाराने हे नीट समजून घ्यावे. वरच्या भिल्लाला सामूहिक हक्काचा कागद मिळाला तर त्याच्याही विहिरीला पाणी टिकणार आहे.

अधिकार मिळाला तरी मजूर कोठे आहेत? दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम पाड्यावर येतो, उचल देतो आणि जोडप्याच्या जोडप्याला गुजरातच्या साखर कारखान्यांकडे नेतो. सरकारी कामे निघतात ती पुष्कळदा माघ-फाल्गुनात, गाव ओस पडल्यावर. मग मजूर मिळत नाहीत असा अहवाल जातो आणि यंत्राने चर खोदण्यास मंजुरी मिळते. कामाची मागणी आपण मुकादमाच्या आधी नोंदविली पाहिजे. भाद्रपदात अर्ज, आणि पाऊस उघडताच उतारावर काम. उचल घेण्याची वेळच ज्याच्यावर येणार नाही, तो माणूस आपल्या डोंगरावर राहील.

पाणी अडले की ते कोणाचे, हा वाद सुरू होईल. त्याचे उत्तर विलासराव साळुंखे यांनी 1974 पासून पुरंदर तालुक्यात नायगावच्या पाणी पंचायतीत शोधले होते. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर वाटावयाचे नाही, घरातील माणसांवर वाटावयाचे, भूमिहीनालाही हिस्सा, आणि ऊस लावावयाचा नाही. आमच्या भागात शेवटची अट उच्चारणेही कठीण आहे, याची मला जाणीव आहे. तरीही ती उच्चारली पाहिजे.

शेवटी पंचनाम्याविषयी बोलतो, कारण सगळ्यांत जास्त अन्याय तेथे होतो. पूर ओसरला की तलाठी सातबारा पाहून नुकसान लिहितो. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचे नुकसान कागदावर होतच नाही. बटाईने कसणारा, वनहक्काचा दावा प्रलंबित असलेला, रोजंदारीचा, शेळ्या वाहून गेलेली विधवा, हे सर्व त्या कागदाबाहेर राहतात. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याचा आराखडा स्थानिक संस्थांचे म्हणणे घेऊन करावयाचा आहे. हे म्हणणे कोणी मागावयास येणार नाही; आपण ते नेऊन द्यावयाचे आहे. लोहियांनी मतपेटी आणि तुरुंग यांच्या जोडीला फावडे सांगितले होते. पहिली दोन आपण बऱ्यापैकी सांभाळली.

तेव्हा येत्या 1 मेच्या ग्रामसभेसाठी चार गोष्टी लिहून तयार ठेवा. गावातील धोक्याच्या जागा, गुराखी आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून. एकट्या राहणाऱ्या, आजारी, गरोदर व अपंग माणसांची नावे, आणि त्यांना हलविण्याची जबाबदारी कोणावर ते त्यांच्यापुढे. कसणाऱ्याची नोंद, मग सातबारा कोणाचाही असो. आणि पाणी सुटल्याची वर्दी रात्री कोणी कोणाला द्यावयाची, याची साखळी. ठराव करून त्याची एक प्रत तहसीलदारांकडे आणि एक जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी, दोन्हींवर पोच घ्यावी. मागच्या वर्षी दिले होते, हरवले असेल, असे उत्तर मिळाले तर पोच दाखवून पुन्हा एक प्रत द्यावी. धडगाव-अक्कलकुव्याच्या साथींनी पाड्यांच्या याद्या आपापसांत वाटून घेतल्या आहेत. खालच्या तालुक्यांतील नदीकाठची गावे कोणी घ्यावयाची, ते आपण आता जेवणापूर्वी ठरवू.